सतरा सप्टेंबरचे तीन कंटेनर

“हे काय आहे?” कन्सल्टंटने वही दोन बोटांत धरून विचारलं.

“कंटेनर तपासणीची वही,” मी म्हणालो.

“सर, हिच्यावर भाजीचा डाग आहे.”

“असेल. ते गेटवरच डबा खातात.”

‘ते’ म्हणजे मधुकर हिवराळे. वाळूजच्या आमच्या कारखान्यातल्या डिस्पॅच गेटचे सुपरवायझर. हा संवाद चालू असताना ते कॉन्फरन्स रूमच्या दाराबाहेर उभे होते. त्यांना आत या म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं. मला सुचायला हवं होतं, कारण मी एक्स्पोर्ट विभागाचा मॅनेजर होतो आणि ते माझ्या हाताखाली होते.

आम्ही गिअर बनवायचो आणि जर्मनीला पाठवायचो. रिकामा कंटेनर कारखान्यात यायचा, माल भरून दाराला सील लागायचं आणि मग तो ट्रकवरून बंदराकडे जायचा. बंदरावर कस्टम्सला शंका आली तर कंटेनर उघडला जातो. उघडला की दिवस जातात आणि जहाज निघून जातं. म्हणून सरकारने एक योजना काढली आहे. तिचं नाव एईओ. लांबलचक इंग्रजी नावाची ही आद्याक्षरं आहेत. त्याला मराठीत काय म्हणतात ते मला निवृत्तीनंतरही सापडलेलं नाही. कल्पना साधी आणि खरं तर चांगली आहे. उद्योगाने आपलं गेट, आपली माणसं, आपला माल स्वतः नीट सांभाळायचा. कस्टम्सचे अधिकारी येऊन ते पाहणार. त्यांचा विश्वास बसला की सर्टिफिकेट मिळतं, आणि बंदरावर त्या कंपनीचे कंटेनर कमी उघडले जातात. सरकार आणि धंदा यांची भागीदारी.

ही भागीदारी ऐच्छिक आहे. ऐच्छिक म्हणजे काय, ते आम्हाला जर्मन ग्राहकाच्या ई-मेलवरून कळलं. आपण या ऐच्छिक योजनेत सहभागी झाला आहात का, नसल्यास कोणत्या तारखेला होणार, असं त्यांनी विचारलं होतं. खाली एक रकाना होता. त्यात तारखेशिवाय दुसरं काही टाईप होत नव्हतं.

आमचे प्लांट हेड त्याच वर्षी मुंबईहून आलेले. त्यांनी तारीख टाकली आणि पुण्याचा कन्सल्टंट बोलावला.

कन्सल्टंट हुशार माणूस होता. गेटवरच्या व्हिजिटर रजिस्टरमध्ये प्रत्येक पाहुण्याची नोंद कशी अत्यावश्यक आहे यावर त्याने आम्हाला दीड तास ट्रेनिंग दिलं. तो स्वतः सहा महिन्यांत अनेकदा आला. त्याच्या नावाची एकही नोंद त्या रजिस्टरमध्ये नाही. त्याची गाडी प्लांट हेडच्या गाडीमागून थेट आत यायची.

आता हिवराळ्यांच्या वहीबद्दल सांगायला हवं.

रिकामा कंटेनर आला की माल भरण्याआधी तो सात ठिकाणी तपासायचा असतो: बाहेरून खालची बाजू, दारं, दोन्ही बाजूच्या भिंती, समोरची भिंत, छत आणि आतला तळ. याला सेव्हन पॉइंट इन्स्पेक्शन म्हणतात. उद्देश एवढाच की कंटेनरमध्ये कुणी चोरकप्पा केलेला नाही ना हे कळावं. समोरच्या भिंतीपुढे आणखी एक पत्रा मारला की मधल्या जागेत काहीही जाऊ शकतं, आणि ते आपल्या कंपनीच्या सीलखाली, आपल्या नावाने परदेशी पोचतं.

हिवराळे हे काम सेव्हन पॉइंट हा शब्द आमच्याकडे येण्याच्या कितीतरी आधीपासून करत होते. त्यांच्याकडे एक दोरी होती. दोरीला गाठी मारलेल्या. एक गाठ चाळीस फुटी कंटेनरच्या आतल्या लांबीची, एक वीस फुटीची, एक रुंदीची, एक उंचीची. दाराशी एक माणूस दोरीचं टोक धरून उभा राहायचा, हिवराळे आत चालत जायचे. गाठ भिंतीला टेकली की ठीक. नाही टेकली की बाहेर येऊन ड्रायव्हरला सांगायचे, “भाऊ, परत न्या.” मग लाकडी हातोड्याने भिंती ठोकत फिरायचे आणि कान देऊन ऐकायचे. पुढे ते सगळं वहीत लिहायचे. मराठीत, स्वतःच्या पद्धतीने. “कंटेनर ठीक.” “तळाची फळी कुजकी, परत.” “ड्रायव्हर पिऊन आलेला. गाडी ठीक, माणूस परत.”

कन्सल्टंटने ही वही चाळली आणि मिटली.

“सर, हे नॉन-स्टँडर्ड आहे. ऑफिसरसमोर हे ठेवलं तर आपण संपलो. आपल्याला मागच्या वर्षाचा एव्हिडन्स लागेल, प्रॉपर फॉरमॅटमध्ये.”

“मागचं वर्ष तर होऊन गेलं,” मी म्हणालो.

“म्हणूनच ते करणं सोपं आहे,” तो म्हणाला. हे त्याचं वाक्य मी विसरलेलो नाही.

त्याच्या ऑफिसातल्या दोघांनी पंधरा दिवसांत मागचं वर्ष तयार केलं. पुठ्ठ्याची जाड रजिस्टरं, छापील रकाने, प्रत्येक कंटेनरपुढे सात चौकोन, प्रत्येक चौकोनात ओके. चार वेगवेगळी पेनं वापरली होती. प्लांट हेडना ती रजिस्टरं फार नवी वाटली. तेव्हा कन्सल्टंटने पानांच्या कडा हाताने चोळून घेतल्या आणि काही पानांवर चहाचा कप ठेवून गोल डाग पाडले. हिवराळ्यांच्या वहीवरचा डाग खरा होता, म्हणून तो चालला नाही.

सह्यांसाठी तीन रकाने होते. पहिला, तपासणी करणाऱ्याचा. हिवराळ्यांना बोलावलं.

“मामा, इथे सह्या करा,” कन्सल्टंट म्हणाला. कारखान्यात सगळे त्यांना मामा म्हणायचे, तेही त्याने लगेच उचललं होतं.

हिवराळ्यांनी चष्मा लावला. पहिलं पान सावकाश वाचलं. दुसरं वाचलं.

“हे मी लिव्हलेलं नाय.”

“नाही, पण तपासणी तुम्हीच केली ना?”

“व्हय.”

“मग सही करायला काय हरकत आहे?”

“तपासणी ज्या वहीत केली, त्या वहीवर हाय की सही.”

“मामा, ही तीच तपासणी आहे. फक्त स्वच्छ करून लिहिली.”

“स्वच्छ लई केली,” हिवराळे म्हणाले. “ह्यात एकबी कंटेनर परत नाय गेला. मी मागच्या साली अकरा पाठवले.”

प्लांट हेड मोबाईलमध्ये बघत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, “जाधव, ह्यांचा नक्की प्रॉब्लेम काय आहे?”

मी म्हणालो, “बघतो सर.”

मी काय पाहिलं, ते सांगतो. मी हिवराळ्यांना बाहेर नेलं आणि म्हणालो की सगळ्या कंपन्या असंच करतात, कागदाचं काम आहे, तुम्ही सही करून मोकळे व्हा. त्यांनी ऐकून घेतलं. मग मला विचारलं, “साहेब, तुमची सही कुठल्या रकान्यात हाय?”

“तिसऱ्या. रिव्ह्यूड बाय.”

“म्हंजी काय?”

“म्हणजे मी तपासणी नीट झाली का ते पाहिलं.”

“मग तुम्ही करा,” ते म्हणाले. “तुम्ही तर कधीच बघत नव्हते. तुम्हाला काय फरक पडतो?”

ते हे चिडून बोलले नव्हते. त्यांना खरोखर तसं वाटत असावं.

मी सह्या केल्या. एका बैठकीत दीडशे पानं. हिवराळ्यांचा रकाना सिक्युरिटी एजन्सीच्या एका गार्डने भरला. तो कंपनीत लागून चारच महिने झाले होते. म्हणजे नोकरीला लागण्याच्या आठ महिने आधीपासून तो आमचे कंटेनर तपासत होता. ही गोष्ट त्या वेळी कुणाच्याच लक्षात आली नाही.

हिवराळ्यांची बदली बागेत झाली. कन्सल्टंटच्या अहवालात ते ‘अनट्रेन्ड रिसोर्स’ ठरले होते. गेटसमोर हिरवळीचा एक तुकडा आणि काही कुंड्या होत्या, त्यांना पाणी घालायचं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. सर्टिफिकेट मिळालं की बाग कंत्राटदाराकडे जाणार हे प्लांटमध्ये सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे आम्ही पास झालो तर हिवराळ्यांची नोकरी गेली, असा साधा हिशोब होता. त्यांच्या धाकट्या मुलीचं बी.एड. चालू होतं. खुलताबादच्या रस्त्याला कुठेतरी अर्धवट बांधलेलं घर होतं.

“वही फाडून टाका,” मी त्यांना सांगितलं. “दोन रेकॉर्ड असणं बरं नाही.”

“बरं,” ते म्हणाले.

तपासणीचा दिवस आला. कस्टम्सचे दोन अधिकारी. एक तरुण होते, त्यांना आग विझवायच्या सिलिंडरांचे फोटो काढण्यात रस होता. दुसऱ्या मॅडम. पन्नाशीच्या, सुती साडी, खांद्याला साधी पिशवी. कमी बोलत होत्या. आमच्या रिसेप्शनवर त्यांच्या नावाची पाटी लावली होती, रांगोळी होती. त्यांनी पाटीकडे पाहिलं नाही. व्हिजिटर रजिस्टरमध्ये स्वतःचं नाव लिहिलं आणि मागची दहा-बारा पानं उलटून पाहिली.

“तुमचे कन्सल्टंट इथे पहिल्यांदाच आले का?” त्यांनी विचारलं.

“नाही, नाही,” प्लांट हेड म्हणाले. “ते तर नेहमी येतात.”

मॅडमनी मान हलवली आणि आपल्या डायरीत काहीतरी टिपलं.

मग गार्डला उभं केलं. त्याने सातही पॉइंट इंग्रजीत म्हणून दाखवले. शाळेत कविता म्हणतात तसे, हात मागे बांधून.

“छान,” मॅडम म्हणाल्या. “आता तो समोरचा कंटेनर तपासून दाखव.”

गार्डने कंटेनरकडे पाहिलं, मग कन्सल्टंटकडे पाहिलं. मग कंटेनरभोवती एक चक्कर मारली आणि परत येऊन म्हणाला, “ओके आहे, मॅडम.” आत तो गेलाच नाही.

इथपर्यंत आम्ही बरे होतो, असं कन्सल्टंटने नंतर सांगितलं. ट्रेनिंगची त्रुटी दुरुस्त होते म्हणे.

कॉन्फरन्स रूममध्ये मॅडमनी रजिस्टर उघडलं. चहाचा गोल डाग असलेल्या पानावर त्या थोड्या थांबल्या. अशी सहा-सात पानं पाहिल्यावर म्हणाल्या, “कप एकच दिसतो.” त्या पानं उलटत राहिल्या. सप्टेंबरपाशी त्यांचं बोट थांबलं.

“सतरा सप्टेंबरला तुम्ही तीन कंटेनर भरले?”

“यस मॅडम,” प्लांट हेड उत्साहाने म्हणाले. “एक्स्पोर्ट आमच्याकडे कधी थांबत नाही.”

“सुट्टी नव्हती?”

“कसली सुट्टी?”

मॅडमनी चष्मा काढला. “माझं माहेर सेलूचं आहे,” त्या म्हणाल्या. “आमच्या आजोबांनी एकही सतरा सप्टेंबर झेंड्याला गेल्याशिवाय घालवला नाही. संभाजीनगरात कंपन्या चालू असतात का त्या दिवशी? मला माहीत नाही, म्हणून विचारते.”

वाचकांपैकी जे मराठवाड्याबाहेरचे आहेत त्यांच्यासाठी सांगतो. निजामाच्या राजवटीतून मराठवाडा सुटला तो हा दिवस. काही कारखाने चालू असतात, काही बंद. आमच्याकडे युनियनच्या पहिल्या करारापासून त्या दिवशी भरपगारी सुट्टी होती. सकाळी झेंडा, पेढा, आणि गेटला कुलूप. पुण्यात मात्र तो नेहमीसारखा कामाचा दिवस. आमची बिलं पुण्याच्या हेड ऑफिसात बनायची. त्या तीन कंटेनरची बिलं सतरा तारखेला तिथे बनली, कंटेनर आमच्याकडे आले अठराला. कन्सल्टंटच्या माणसांनी बिलांच्या यादीवरून मागचं वर्ष तयार केलं होतं. पुण्यात बसून मराठवाड्याचं वर्ष तयार केलं की असं होतं.

मॅडमनी त्या दिवसाची हजेरी मागवली. एचआरच्या कॉम्प्युटरने इमानदारीने सांगितलं: सुट्टी. उपस्थित, शून्य.

“टायपिंग मिस्टेक आहे मॅडम,” कन्सल्टंट म्हणाला.

“हे हाताने लिहिलंय.”

“म्हणजे, लिहिण्यातली.”

“तीन कंटेनर, एकवीस चौकोन, तीन सह्या,” त्या म्हणाल्या. “बरीच मेहनत घेतली चुकायला.” मग त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. “जाधव आपणच ना? आपण हे रिव्ह्यू केलंय.”

“हो.”

“काय पाहिलंत?”

मला आयुष्यात इतका सोपा प्रश्न कुणी विचारला नव्हता. प्लांट हेड माझ्याकडे बघत होते. खिडकीतून हिरवळ दिसत होती. हिवराळे हातात पाइप धरून कुंड्यांना पाणी घालत होते. अधिकारी येणार म्हणून आदल्या दिवशी नव्या कुंड्या आणल्या होत्या.

“काही पाहिलं नाही,” मी म्हणालो. “खरी वही वेगळी होती. ज्यांची आहे ते बाहेर झाडांना पाणी घालतायत. मी त्यांना वही फाडायला सांगितलं होतं.”

“बोलवा त्यांना.”

हिवराळे आले. पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला. या वेळीही दाराबाहेरच थांबले. मॅडम म्हणाल्या, “आत या, बसा.” ते कोपऱ्यातल्या खुर्चीच्या कडेवर बसले.

“तुमची वही आहे का, मामा?”

हिवराळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“साहेब फाड म्हणले व्हते,” ते म्हणाले. “मी बरं म्हणलो. पण नाय फाडली. डब्याच्या पिशवीत हाय.”

वही आली. मॅडमनी सप्टेंबर काढायला सांगितला, आणि हिवराळ्यांनी बोट ठेवून वाचलं.

“सतरा. सुट्टी. झेंडा झाला. गेट बंद. सीलची पेटी बघितली, कुलूप ठीक.”

“सुट्टीच्या दिवशी पेटी कशाला बघितली?”

“झेंड्याला आलतोच की. आल्यावर बघायची.”

“पुढे?”

“अठरा. तीन कंटेनर. दोन ठीक. एक परत. आतून वीतभर कमी.”

मॅडम पुढे झुकल्या. “नंबर वाचा.”

त्यांनी नंबर वाचला. मॅडमनी आमच्या रजिस्टरात शोधला. बिल आदल्या दिवशी बनलं होतं, तेव्हा तोच कंटेनर येणार म्हणून त्यावर तोच नंबर होता. कंटेनर बदलल्यावर बिल नंतर दुरुस्त झालं, पण कन्सल्टंटकडे गेली ती जुनी यादी. हिवराळ्यांनी ज्याला दारातून परत पाठवलं, तो कंटेनर आमच्या स्वच्छ रजिस्टरात सातही पॉइंटवर ओके होता. खाली माझी सही.

“वीतभर कमी म्हणजे?” तरुण अधिकाऱ्यांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

“समोरच्या भिंतीला दुसरा पत्रा मारलेला. दोरीची गाठ टेकली नाय, खाली लोंबली. ठोकलं तर आवाज पोकळ.”

“मागे काय होतं?”

“ते आमाला ठाव नाय. जाधवसाहेबांना फोन केला. ते म्हणले दुसरा मागवू. मागवला.”

हे खरं होतं. त्या फोननंतर मी ट्रान्सपोर्टरला दुसरा कंटेनर पाठवायला सांगितलं होतं, आणि कस्टम्सला कळवायचं राहून गेलं होतं. पुढे मीच त्या जुन्या नंबरासमोर सही केली. मला तो फोन आठवलाही नाही.

मॅडमनी वही मिटली आणि दोन्ही हातांनी हिवराळ्यांना परत दिली.

“ही जपून ठेवा.”

“ठेवतोच,” हिवराळे म्हणाले. “मला जायचंय का आता? पाइप चालू हाय.”

पंधरा दिवसांनी पत्र आलं. अर्ज फेटाळला होता. त्रुटींची यादी दोन पानं. पहिली त्रुटी बनावट नोंदींची, शेवटची व्हिजिटर रजिस्टरची. परत पाठवलेल्या कंटेनरबद्दल वेगळी चौकशी झाली. मला दोनदा बोलावलं आणि लेखी ताकीद मिळाली. ती माझ्या फाइलला आजही असेल. पत्रात आणखी एक ओळ होती: गेटवर पूर्वी चालू असलेली तपासणी पद्धत समाधानकारक असून ती पुन्हा सुरू करावी. एवढ्या एका ओळीने हिवराळे बागेतून गेटवर आले. प्लांट हेडनी त्यांना बोलावून पाठीवर थाप मारली आणि सांगितलं की कंपनीला तुमच्यासारख्यांचा अभिमान आहे. हिवराळ्यांनी विचारलं, “कुंड्यांचं कोण बघणार?”

पुढच्या अर्जाच्या वेळी सर्टिफिकेट मिळालं. तोच कन्सल्टंट होता. त्याने हिवराळ्यांच्या वहीचं इंग्रजीत फॉरमॅट केलं आणि दोरीचा उल्लेख ‘कॅलिब्रेटेड लिनिअर गेज’ असा केला. गेटवर लावायला त्या दोरीचा लॅमिनेट केलेला फोटोही दिला. सर्टिफिकेटबरोबर ग्रुप फोटो निघाला तेव्हा हिवराळे त्यात नव्हते. कंटेनर आला होता.

ते निवृत्त झाले, मग काही महिन्यांनी मीही. मागच्या महिन्यात ते गेले. कारखान्यात शोकसभा झाली. नवे प्लांट हेड बोलले की मामा म्हणजे आमची सिस्टीम होती. त्यांनी मामांना एकदाही पाहिलेलं नव्हतं, पण लिहून आणलेलं नीट वाचलं. मागच्या भिंतीवर सर्टिफिकेट होतं. मी दुसऱ्या दिवशी हिवराळ्यांच्या घरी गेलो. घर पूर्ण बांधून झालंय. मुलगी शिक्षिका आहे. तिने पाणी दिलं आणि सांगितलं की शेवटच्या आजारपणात बाबा दवाखान्यातल्या खाटेची लांबी दोरीने मोजायला निघाले होते. आम्ही दोघंही थोडं हसलो. दोरी खुंटीला होती. मी मागितली नाही. माझा तिच्यावर हक्क नव्हता.

अजून काही जण फोन करून विचारतात, एईओला अर्ज करतोय, काही सल्ला द्या. मी सांगतो, मागचं वर्ष घरी बसून तयार करणार असाल तर निदान स्थानिक सुट्ट्यांची यादी जवळ ठेवा. ते हसतात आणि लिहून घेतात. दुसरा सल्लाही मी देतो, तो फारसं कुणी लिहून घेत नाही. गेटवरच्या माणसाने सही करायला नकार दिला, तर त्याला बागेत पाठवण्याआधी आपलं पेन खिशात ठेवा.

मी ते दीडशे पानांनंतर ठेवलं.